दांड्याचा दोष

मराठी भाषेनं कुऱ्हाडीची बाजू कधी घेतली नाही. घरावर संकट आलं की आपण म्हणतो, कुऱ्हाड कोसळली. स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं की म्हणतो, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली. ठरत आलेल्या सोयरिकीत कुणी खोडा घातला की म्हणतो, त्यानं पाचर मारली. आता पाचर म्हणजे काय, तर दांडा नेढ्यात घट्ट बसावा म्हणून ठोकलेला लाकडाचा तुकडा. ती नसली तर कुऱ्हाडीचं पातं उडून कुणाच्या तरी डोक्यात बसेल. जी वस्तू धरून ठेवते तिलाच आपण फोडणारी ठरवली. खंडेनवमीला कुऱ्हाड बाकीच्या हत्यारांबरोबर पूजेत मांडतात, हळदकुंकू लावतात, तेवढाच तिचा मान. बाकी वर्षभर नाव खराब.

त्यातही सगळ्यात बदनाम झाला तो दांडा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.’ नुसत्या लोखंडाला झाड तोडता येत नाही. झाडाच्याच गोतातलं एक लाकूड त्या लोखंडाला जाऊन मिळालं, म्हणून रान तुटलं. आपल्याच माणसांचा घात करणाऱ्याला ही म्हण लावतात. आमच्या माणदेशात ती सोसायटीच्या निवडणुकीत ऐकू येते, वाटणीच्या भांडणात ऐकू येते, सासरी नांदायला गेलेल्या पोरीनं नवऱ्याची बाजू घेतली तरी ऐकू येते. म्हण तोंडात टाकली की पुढं विचार करायची गरज राहत नाही.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. पण दांडे बसवायचं काम मी पंचेचाळीस वर्षं करत आलोय. कुऱ्हाडीचे, टिकावाचे, खोऱ्याचे, कुदळीचे. स्वतःचे बसवले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बसवले. आणि दर वेळी लाकूड तासताना ही म्हण आठवते आणि एकच प्रश्न पडतो. दांड्याचा यात दोष काय?

हा प्रश्न मला नीट उलगडला तो गेल्या हिवाळ्यात, बाजारातनं आणलेली एक कुऱ्हाड घरी दुरुस्त करताना. दुरुस्त म्हणण्यापेक्षा ‘आपली करून घेताना’ म्हणतो. त्या कामाचं आधी सांगतो.

आमच्या गावात लोहाराचा भाता थंड होऊन बरीच वर्षं झाली. त्याची मुलं पुण्याकडं फॅब्रिकेशनच्या कामाला गेली. पूर्वी फाळ शेवटायचा असो नाहीतर कुऱ्हाड, लोहाराच्या ऐरणीवर न्यायची, दांडा सुताराकडं करायचा, आणि सुगीत दोघांना बलुतं घालायचं. आता तालुक्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात तयार कुऱ्हाड मिळते, दांड्यासकट. साडेचारशे रुपये दिले आणि घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, “काका, घरी न्यायची आणि घाव घालायचा. काही करायची गरज नाही.”

घरी आणून ओट्यावर ठेवली आणि बघितली. पात्याला लाल ऑइल पेंट फासला होता, अगदी धारेवरसुद्धा. धार म्हणजे नुसती नावाला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. दांडा कसल्यातरी हलक्या लाकडाचा, त्यावर पिवळं चकचकीत व्हार्निश, आणि आकार झाडूच्या काठीसारखा गोल. गोल दांडा हातात फिरतो. कुऱ्हाडीचा दांडा अंडाकृती लागतो, म्हणजे न बघताही मुठीला कळतं की धार कुणीकडं आहे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीनं सरळ जायला पाहिजेत. ह्या दांड्यात त्या तिरक्या होऊन निम्म्यावरच बाहेर सुटल्या होत्या. अशा दांड्यावर जोराचा घाव बसला की तो त्या तिरक्या रेषेवर बोरूसारखा तुटतो, आणि टोकदार तुकडा हातात राहतो. नेढ्यात पाचरीच्या जागी दोन खिळे ठोकलेले.

मुलगा म्हणाला, “आप्पा, बदलून आणा की.” म्हटलं, बदलून तरी काय मिळणार? ह्याचाच भाऊ मिळेल. ठेव इथंच.

पहिल्यांदा दांडा काढला. आमच्याकडं लोक काय करतात, पातं दांड्यासकट चुलीत घालतात, लाकूड जळून जातं आणि नेढं मोकळं होतं. सोपं वाटतं, पण त्यात कुऱ्हाड मरते. पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं आणि काचेसारखं ठिसूळही होतं. मग लोहार ते पुन्हा बेतानं तापवून ठिसूळपणा काढतो. ह्याला आपण पाणी देणं म्हणतो. त्या वेळी घासलेल्या पोलादावर एकामागं एक रंग चढतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो, निळा तीनशेच्या आसपास. कुठल्या रंगाला थांबायचं हे लोहाराचं डोकं. चुलीचा जाळ याच्या कितीतरी वर जातो. तिथं पातं टाकलं की दिलेलं सगळं पाणी उतरतं आणि धार पुढं शिशासारखी वळते. म्हणून मी दांडा पात्याच्या खाली करवतीनं कापला आणि आतलं खोड लोखंडी खुंटीनं ठोकून बाहेर काढलं. वेळ लागला, पण पातं थंडच राहिलं.

मग रंग. तो तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून काढला. दोन संध्याकाळी गेल्या. लालीखालनं काळंसर लोखंड वर आलं. तेव्हा कानस घेऊन धारेची परीक्षा केली. कानस लोण्यासारखी रुतत गेली तर पोलाद नरम. काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक, धारेचे टवके उडणार. इथं कानस थोडी घसरत होती आणि थोडी चावत होती. म्हणजे पाणी बरोबर दिलेलं.

मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. मी ह्या कुऱ्हाडीला मनातनं शिव्या देत होतो, बाजारू माल म्हणत होतो. आणि कुठल्या तरी कारखान्यात, कुठल्या गावच्या कुणा माणसानं भट्टीपुढं उभं राहून आपलं काम चोख केलं होतं. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. त्याच्यानंतर कुणीतरी लाल रंग फासला, कुणीतरी बिनकामाचा दांडा घातला, कुणीतरी खिळे मारले. त्यांचीही नावं नाहीत. चांगलं काम आणि वाईट काम एकाच वस्तूत, आणि दोन्हीचा धनी ठाऊक नाही.

जुन्या कुऱ्हाडीचं तसं नव्हतं. पातं कुणाचं, दांडा कुणाचा, पाचर कुणी मारली, सगळं गावाला माहीत. पातं उडालं तर सुताराच्या दारात जाऊन विचारता यायचं. तो ऐकून घ्यायचा, कधी भांडायचा, पण तो असायचा. ह्यावर कुणी म्हणेल, आप्पा जुन्याचं गुणगान करतायत. तसं नाही. बलुत्यातल्या माणसाची काय परवड व्हायची, पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून पायली-पायलीसाठी त्याला किती आर्जवं करावी लागायची, ते मी लहानपणी बघितलंय. त्याची मुलं पुण्याला गेली ते बरंच झालं. मी फक्त एवढंच म्हणतो की पूर्वी कामाला तोंड होतं. आता वस्तूचं तोंड दिसत नाही.

धारेचं काम मी ग्राइंडरवर केलं नाही. फिरत्या चाकावर पातळ धार चटकन तापते. कडेला निळी झाक आली की समजायचं, तेवढी धार गेली. कानशीनं हळूहळू दोन्ही गाल सारखे केले, मग सहाणेवर पाणी टाकून घासलं. नुसती ढलपी फोडायची असेल तर गाल जाड ठेवतात, फांदी तोडायची असेल तर पातळ. मला दोन्ही कामं असतात, म्हणून मधलं ठेवलं.

दांड्यासाठी बांधावरच्या बाभळीची फांदी वर्षापूर्वीच तोडून ठेवली होती. गोठ्याच्या सावलीत वाळवलेली, दोन्ही टोकांना शेण लिंपून. टोकं उघडी ठेवली तर तिथनं ओल लवकर जाते आणि लाकूड तडकतं. डोंगरपट्ट्यातले लोक धामणीचा दांडा करतात. ते लाकूड लवचीक असतं, घावाचा हिसका पिऊन घेतं. आमच्या माळावर बाभूळच. चिवट आणि जड. अख्ख्या गोल फांदीचा दांडा करायचा नाही, कारण गाभा मधोमध येतो आणि पुढं भेग पडते. फांदी पाचरीनं उभी फोडायची आणि गाभ्याच्या बाजूची सरळ रेषेची फाळ घ्यायची.

वाकसानं तासला, रंध्यानं सारखा केला, शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडला. लांबी माझ्या मुठीपासून काखेपर्यंत, अडीच फुटाला थोडी कमी. संधिवातानं माझी उजवी मूठ आता पूर्ण मिटत नाही, म्हणून धरायच्या जागी दांडा नेहमीपेक्षा जरा जाड ठेवला आणि शेवटाला बोंड ठेवलं, निसटू नये म्हणून. व्हार्निश लावलं नाही. त्यानं तळहाताला फोड येतात. जवसाचं तेल कोमट करून लावलं, एक दिवस सुकू दिलं, पुन्हा लावलं, असं चार वेळा. ते तेल लाकडात मुरून घट्ट होतं. एक सावधगिरी सांगतो, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी फडकी तारेवर पसरून वाळवली.

बसवताना दांड्याचं टोक नेढ्याच्या मापाला घासत घासत आणायचं. मग कुऱ्हाड पातं खाली करून हातात लोंबती धरायची आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरी मारायची. बघणाऱ्याला वाटतं, अशानं पातं निसटून खाली पडेल. उलट दर ठोक्याला पातं जड असल्यानं जागेवर राहतं आणि दांडाच त्यात खाली घुसतो. शेवटी वाळल्या लाकडाची पाचर. काही लोक दांडा ढिला झाला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, घट्ट वाटतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं.

हे सगळं झाल्यावर कुऱ्हाड हातात घेतली आणि एक गोष्ट कळली. दुकानातली कुऱ्हाड होती तोवर मला एक पळवाट होती. दांडा तुटला असता तर म्हणलो असतो, माल खराब. पातं उडालं असतं तर म्हणलो असतो, खिळे मारणाऱ्याचं पाप. आता तसं म्हणता येणार नाही. दांडा मी निवडला, पाचर मी मारली, धार मी लावली. आता ही कुऱ्हाड जे करील त्याचा धनी मी. पैसे देऊन वस्तू घरात येते, तेवढ्यानं ती आपली होत नाही. तिच्या बऱ्यावाईटाला आपण जबाबदार झालो की ती आपली होते. हे साडेचारशे रुपयांत मिळत नाही.

आमच्या वडिलांची एक सवय होती. कुणी पाभर मागायला आला, नांगर मागायला आला, दोर मागायला आला, तर ते एका शब्दानं देत. कुऱ्हाड मागायला आला की विचारत, “कशाला पायजे?” समोरचा हसायचा, कधी रागवायचाही. एवढ्याशा कुऱ्हाडीसाठी चौकशी? १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खात होती, आणि बांधावरच्या बाभळी कोळशासाठी, सरपणासाठी तुटत होत्या. तेव्हाही दादा विचारायचे. वाळलेलं तोडायचं म्हटलं तर कुऱ्हाड द्यायचे. शेरडांसाठी डहाळी पाडायची म्हटलं तरी द्यायचे. हिरवं झाड बुडातनं पाडायचं म्हटलं तर म्हणायचे, “ती शेजारच्याकडनं ने.” मला तेव्हा वाटायचं, शेजारच्याची कुऱ्हाड काय वेगळी कापते का? झाड तर पडणारच. आता वाटतं, दादांना झाड वाचवता येत नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. त्यांना एवढंच बघायचं होतं की आपला हात त्यात किती आहे. दांड्याला कुणी विचारत नाही, ‘तुला जायचंय का?’ मग विचारायचं कुणाला? धरणाऱ्या हाताला.

आता मूळ गोष्टीकडं येतो. हे सगळं मी ज्याच्यामुळं इतकं उकरून काढलं तो माझा पुतण्या, थोरल्या चुलत भावाचा मुलगा. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसला होता. गावाजवळचा रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि त्याला झाडं मोजायच्या कामावर नोकरी लागली. रस्त्याकडेची झाडं मोजायची, बुंध्याचा घेर टेपनं घ्यायचा, वहीत जात लिहायची आणि बुंध्यावर रंगानं नंबर टाकायचा. वेशीपासून ओढ्यापर्यंत दोनशेच्या वर झाडं निघाली. बाभळी, लिंब, चिंचा, आणि वळणावरचा वड. नंबर पडले आणि महिन्या-दोन महिन्यांत झाडं गेली. खरं सांगायचं तर त्यातल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नाही. पेट्रोलवरचं कटर आणि जेसीबी. तरी देवळापुढं भावकी बसली आणि म्हण निघालीच: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पोराचं लग्न ठरलं होतं. त्याची पत्रिका घ्यायची नाही, असं चौघांनी ठरवलं. त्याचा बाप पारावर यायचा बंद झाला.

एका संध्याकाळी तो माझ्याकडं आला. मी ओट्यावर काचेनं दांडा खरवडत होतो. समोरच्या दगडावर बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “आप्पा, मी एक बी झाड तोडलं न्हाई. मी फक्त नंबर टाकले. मी न्हाई टाकले तर दुसऱ्यानं टाकले असते.”

मी म्हणालो, “दुसऱ्यानं टाकले असते, हे खरं. पण मग तुझं म्हणणं काय? तू दांडा हैस?”

तो बघतच राहिला.

“गाव तुला दांडा म्हणतंय, त्याचा तुला राग येतोय. आन् तू बी तेच म्हणतूयास की. मी नुसता दांडा, धरणारा दुसरा.”

हे बोलताना मलाही पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. गावाची शिवी आणि त्याचा बचाव, दोन्ही एकच वाक्य होतं. माणसाला दांडा म्हटलं की दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे धरणारा हात नजरेआड होतो. सगळा राग त्या लाकडावर निघतो आणि हात मोकळा राहतो. दुसरी म्हणजे त्या माणसाला तोंड होतं, डोकं होतं, हे आपण विसरतो. लाकडाला नाही म्हणता येत नाही. माणसाला येतं, निदान कुठं कुठं येतं. म्हणजे ती म्हण माणसाला एकीकडं नको तेवढा दोष देते आणि दुसरीकडं जो दोष त्याचा आहे तो माफ करून टाकते.

मी हातातला दांडा बाजूला ठेवला आणि त्याला म्हटलं, “नंबर टाकताना तुझ्या हातात काय काय हुतं, तेवढं मला सांग.”

त्यानं सांगितलं. घेर मोजणं त्याच्या हातात होतं आणि तो त्यानं खरा लिहिला. शेतकऱ्यांच्या बांधावरची काही झाडं रस्त्याच्या हद्दीत येत होती. वरचा माणूस म्हणाला, बारकी सोडून दे, यादी वाढते. ह्यानं सोडली नाहीत. प्रत्येकाच्या नावावर लिहिली, सह्या घेतल्या. यादीत नसलेल्या झाडाची भरपाई मागायला कागदच राहत नाही. पत्रिका न घेण्याचं ठरवणाऱ्या चौघांतल्या दोघांच्या आंब्यांचे पैसे त्या यादीमुळंच निघायचे होते.

“आन् वड?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “वळणावर साहेब थांबले हुते. मला म्हणाले, तू गावचा हैस, हा काढावा का वळण जरा पलीकडं सरकतंय? पलीकडं पडीकच हाय. मी म्हणालो, तुम्ही बघा साहेब. नवीन नोकरी, मी काय बोलणार?”

मी म्हटलं, “मग तेवढा दोष तुझा. वडाचा. बाकीच्या दोनशेंचा न्हाई.”

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं तो रागवेल, पण त्याला बरं वाटलेलं दिसलं. सगळा दोष अंगावर आला तर माणूस दबून जातो, नाहीतर तो सगळाच झटकून टाकतो. आपल्या वाट्याचा मापून दिला तर तो उचलता येतो. वाटणीत जशी ज्याची त्याची जमीन मोजून देतात, तसा दोषही मोजून द्यायला पाहिजे. गुंठ्या-गुंठ्यानं.

मग बाकीच्या झाडांचा हात कुणाचा? रस्ता अरुंद होता. दोन वर्षांत तिथं अपघात झाले, आमच्या वाडीतला एक तरणा पोरगा गेला. तेव्हा गावानं रस्ता रोको केला होता, रुंदीकरणाची मागणी केली होती. ग्रामसभेत हात वर झाले होते. मीही वर केला होता, आणि तो रस्ता पाहिजे होता हे मी आजही म्हणतो. रस्ता रुंद होणार म्हणजे कडेची झाडं जाणार, हे कळायला डिप्लोमा लागत नाही. हात आम्ही वर केले, आणि दोष द्यायला दांडा शोधला. भावकीच्या बैठकीत मी हे बोललो. दोघांना पटलं, दोघं उठून गेले. लग्नाला मी गेलो.

तिथंच एकजण मला म्हणाला, “आप्पा, झाडाचं एवढं काय घेऊन बसलाय? माउलींनीच सांगितलंय, झाड तोडणाऱ्यालाही सावली देतं.” ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात तसा दृष्टांत आहे, आणि दर सप्ताहात कुठल्या ना कुठल्या प्रवचनात मी तो ऐकतो. झाड लावणाऱ्याला आणि घाव घालणाऱ्याला सारखीच सावली देतं. पण माउलींनी तो भक्ताच्या लक्षणात घातला आहे. माणसानं झाडासारखं व्हावं म्हणून. तोडणाऱ्यानं सुटकेसाठी तो वापरावा म्हणून नव्हे. झाडानं माफ केलं, हे तोडणाऱ्यानं सांगायचं नसतं.

म्हणून म्हण सोडा, असं माझं म्हणणं नाही. म्हणी अशा सुटत नाहीत आणि त्यात जुन्या माणसांचं दुःखही असतं. घरचाच माणूस फितूर झाला की काय होतं, हे त्यांनी भोगलं म्हणून ती म्हण झाली. मी फक्त म्हण ऐकली की तीन गोष्टी बघतो. दांडा कुणी धरलाय? धरणाऱ्याला कुणी सांगितलंय? आणि ज्याला आपण दांडा म्हणतोय त्याला कुठं एक शब्द बोलता आला असता का? तिन्हींची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा म्हण म्हणायची गरज उरत नाही.

कुऱ्हाड आता गोठ्याच्या मेढीला अडकवलेली असते. धारेवर जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा, नातवंडांच्या हाताला लागू नये म्हणून. दांडा तेलानं आणि घामानं काळपट तपकिरी झालाय. बाभळीचाच आहे आणि बाभळीवरच चालतो. गेल्या महिन्यात शेजारचा मागायला आला. मी विचारलं, “कशाला पायजे?”

“बांधावरची वाळकी बाभळ काढायचीय.”

“समदी वाळलीय?”

तो थोडा थांबला. “एक फांदी हिरवी हाय अजून.”

म्हटलं, “मग तेवढी ठेव,” आणि कुऱ्हाड दिली.